पोटातल्या महाधमनीचा फुगा आणि कॅन्सर एकदमच निघाले तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सरसाठी सीटी स्कॅन केला आणि रिपोर्टच्या तळाशी एक जास्तीची ओळ निघाली, पोटातली महाधमनी फुगली आहे. किंवा उलटं, फुग्याचं माप घ्यायला गेले आणि किडनीत गाठ दिसली. अशा घरांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक वेळा रुग्णाची मुलं, सुना, जावई असतात, म्हणून प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. हे वाचून घरी निर्णय घेऊ नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय बोललं जातंय ते समजावं, एवढाच याचा उपयोग.

१. रिपोर्टमध्ये ‘ॲन्युरिझम’ लिहिलंय. ही पण कॅन्सरचीच गाठ आहे का?

नाही. हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, छातीतून खाली पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन्ही पायांसाठी दुभंगते. पोटात तिचा व्यास साधारण २ सें.मी. असतो. भिंत कमकुवत होऊन तो ३ सें.मी. किंवा त्याहून जास्त झाला की त्याला ॲन्युरिझम म्हणतात. पुस्तकी मराठीत धमनीविस्फार, बोलण्यात ‘फुगा’. बहुतेक फुगे किडनीच्या रक्तवाहिन्यांच्या खालच्या भागात असतात. तो सहसा दुखत नाही, पसरत नाही, दुसऱ्या अवयवात जात नाही. त्याचा धोका एकच, फुटण्याचा. फुटला तर दहांतले आठ रुग्ण वाचत नाहीत, आणि त्यांतले बरेच हॉस्पिटलपर्यंतही पोचत नाहीत.

२. दोन्ही एकाच माणसाला कसं काय झालं? एकामुळे दुसरं झालं का?

एकामुळे दुसरं झालं असं सहसा नसतं. दोघांचं मूळ मात्र बऱ्याचदा एकच असतं: वय आणि बिडी-सिगारेट. साठी-पासष्टी ओलांडलेला, वर्षानुवर्षं धूम्रपान केलेला पुरुष हा फुग्याचा ठरलेला रुग्ण. फुप्फुस, मूत्राशय आणि किडनीच्या कॅन्सरचाही. शिवाय आता सीटी आणि पेटस्कॅन इतके होतात की पूर्वी कधी कळलेच नसते असे फुगे वाटेत सापडतात.

जाता जाता एक गंमत. मधुमेह बहुतेक रक्तवाहिन्यांचा शत्रू, पण मधुमेही लोकांत हा फुगा उलट कमी आढळतो. हे अनेक देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून कोणी साखर वाढवून घेऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

३. बाबांचा फुगा ४.६ सें.मी. आहे. आता कॅन्सर निघालाय, तर फुग्याचं ऑपरेशन लवकर उरकावं का?

नको. सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर सगळ्यांत स्पष्ट आहे. कॅन्सर असल्याने फुग्याच्या ऑपरेशनची मर्यादा बदलत नाही. पुरुषांत ५.५ सें.मी., स्त्रियांत साधारण ५ सें.मी., किंवा वर्षात १ सें.मी.पेक्षा जास्त वाढ, किंवा फुग्यामुळे पोट-पाठ दुखणं, या ठिकाणी ऑपरेशनचा विचार सुरू होतो. ही मर्यादा हवेतून आलेली नाही. १९९८ साली ब्रिटनमध्ये आणि २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत ५.५ सें.मी.च्या आतले फुगे लवकर दुरुस्त करून पाहिले. नुसतं लक्ष ठेवलेल्या रुग्णांपेक्षा ते रुग्ण जास्त जगले नाहीत. युरोपातल्या रक्तवाहिनी-शल्यचिकित्सकांच्या संघटनेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं तर हे कॅन्सरच्या रुग्णांसाठी मुद्दाम वेगळं सांगतात: फक्त कॅन्सर आहे म्हणून लहान फुग्याला हात लावू नका.

४.६चा फुगा असेल तर कॅन्सरचा उपचार नेहमीसारखा चालू द्या. कॅन्सरसाठी होणाऱ्या प्रत्येक सीटीच्या चिठ्ठीवर ‘महाधमनीचं मापही द्यावं’ असं लिहून घ्या. फुकटात लक्ष राहतं.

४. फुगा ६ सें.मी.चा आहे आणि कॅन्सरही ऑपरेशनचा आहे. आधी कुठलं?

जुना नियम सांगतो, जे आधी जीव घेईल ते आधी. ऐकायला सोपा आहे. अडचण अशी की फुगा कधी फुटेल याची तारीख कोणाकडे नसते आणि कॅन्सर किती थांबेल हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून आकडे समोर ठेवून बोलावं लागतं.

ऑपरेशनला फिट नसलेल्या किंवा नको म्हणणाऱ्या रुग्णांवर लक्ष ठेवून अमेरिकेत केलेल्या एका पाहणीत (२००२) ५.५ ते ५.९ सें.मी.चे फुगे वर्षभरात फुटण्याचं प्रमाण ९.४ टक्के होतं, ७ सें.मी. आणि त्यापुढच्या फुग्यांत ३२.५ टक्के. नंतरच्या पाहण्यांत याहून कमी प्रमाणं आली आहेत. पण चढ तोच आहे: सहाचा फुगा आणि आठचा फुगा हे वेगळे आजार समजावेत.

यावरून साधारण असं ठरतं. फुगा मोठा आहे आणि कॅन्सर दोन-तीन आठवडे थांबू शकतो, तर आधी फुग्यात आतून स्टेंट (प्रश्न ७), मग कॅन्सर. वर सांगितलेल्या युरोपीय तत्त्वांचाही कल असाच आहे, कारण स्टेंटनंतर माणूस लवकर उभा राहतो आणि कॅन्सरच्या उपचाराला फारसा उशीर होत नाही. आतडं अडकलंय, गाठीतून रक्त जातंय किंवा आतडं फुटलंय, तर कॅन्सर आधी. फुगा कितीही मोठा असो (प्रश्न १०). फुगा दुखायला लागलाय किंवा फुटू पाहतोय, तर फुगा आधी, त्याच रात्री.

राहतात ती मधली माणसं. फुगा ५.६, गाठ दुसऱ्या स्टेजची, दोन्ही शांत. अशा वेळी दोन चांगले सर्जन दोन वेगळे क्रम सांगतील आणि दोघंही बरोबर असतील. त्यांचं म्हणणं जुळत नाही म्हणून घाबरू नका. दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे कॅन्सरचे सगळे डॉक्टर मिळून उपचार ठरवतात त्या, बैठकीत व्हॅस्क्युलर सर्जनला (रक्तवाहिन्यांच्या सर्जनला) बोलवा असा आग्रह धरा. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका क्रम चुकल्याने झालेल्या नाहीत. एका विभागाला वाटलं दुसरा बघतोय आणि दुसऱ्याला वाटलं पहिला, अशाने झाल्या.

५. एकदा पोट उघडलंच तर दोन्ही उरकून टाकता येत नाही का? दोनदा भूल कशाला?

सगळ्या घरांना असंच वाटतं. पूर्वी अशी ऑपरेशन्स होतही, अजूनही क्वचित होतात.

अडचण जंतूंची. उघड्या ऑपरेशनात फुगलेल्या भागाच्या जागी कापडी नळी, म्हणजे ग्राफ्ट, शिवतात. मोठं आतडं कापताना कितीही काळजी घेतली तरी पोटात जंतू सांडू शकतात, आणि आतड्याची टोकं शिवलेला जोड गळला तर हमखास. या कापडाला जंतू लागणं क्वचितच घडतं, शंभरात एक-दोघांना. पण लागले की कापड काढून नवी सोय करावी लागते, आणि त्या ऑपरेशनातून अनेक जण परत येत नाहीत. म्हणून आतडं, जठर, किंवा आतड्याचा तुकडा वापरून नवी मूत्रपिशवी करायची असेल तर ‘दोन्ही एकदम’ला बहुतेक सर्जन नकार देतात.

किडनीची गोष्ट वेगळी. अख्खी किडनी काढणं हे स्वच्छ ऑपरेशन आहे, आतडं उघडलं जात नाही. म्हणून किडनीचा कॅन्सर आणि फुगा एकाच बैठकीत, विशेषतः डाव्या बाजूने पोटाच्या पडद्यामागून जाऊन, करता येतात. किडनीचा फक्त तुकडा काढायचा असेल तर लघवी झिरपण्याची शक्यता राहते, तिथे पुन्हा विचार होतो.

आणि भूल दोनदा द्यावी लागली तर भूलतज्ज्ञांना ते एका लांबलचक ऑपरेशनपेक्षा बरं वाटतं. सात-आठ तासांचं ऑपरेशन सत्तरीतल्या हृदयाला दोन छोट्या ऑपरेशनांपेक्षा जड जातं.

६. कॅन्सरसाठी पोट उघडलं की फुगा फुटतो असं वाचलं. खरं आहे का?

या भीतीचा उगम शोधता येतो. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या सर्जनांनी दहाएक रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दुसऱ्याच कारणासाठी पोट उघडलं आणि नंतरच्या पाच-सहा आठवड्यांत फुगा फुटला. जखम भरताना शरीर जुनं कोलॅजन मोडतं, तेव्हा फुग्याची भिंत आणखी पातळ होत असावी असा त्यांचा तर्क. पुढच्या पाहण्यांत हा धोका इतका ठळक दिसला नाही. लहान फुगे अशा ऑपरेशनांतून सहसा काही न होता जातात, दुर्बिणीतून केलं आणि पोटात वायू भरला तरी. मोठ्या फुग्यांचं तसं नाही. आणि त्यांतले फुटले ते ऑपरेशनमुळे की मुळात फुटणारच होते, हे वेगळं काढणं अवघड. त्यामुळे लहान फुगा असेल तर भिऊन कॅन्सरचं ऑपरेशन लांबवू नका. फुगा सहाच्या पुढे असेल आणि कॅन्सर आधी करावा लागला, तर डिस्चार्जच्या आधीच फुग्याची तारीख ठरवून घ्या, ‘दोन महिन्यांनी बघू’वर सोडू नका.

७. स्टेंट टाकायचा की पोट उघडायचं? कॅन्सर असताना कुठलं चांगलं?

शक्य असेल तर स्टेंट. याला ईव्हार म्हणतात. जांघेतल्या धमनीतून वर सरकवत कापड मढवलेली जाळी फुग्याच्या आत उघडतात. फुगा जागेवरच राहतो, रक्त मात्र जाळीतून जातं आणि भिंतीवरचा दाब उतरतो. अर्जेंटिनाच्या हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्युनोस आयर्समध्ये पोटातल्या फुग्यासाठी हे पहिल्यांदा केलं. छातीतल्या महाधमनीसाठी युक्रेनमधल्या खार्किवच्या निकोलाय वोलोदोस यांनी त्याआधी तीन वर्षं.

ब्रिटनच्या ईव्हार-१ चाचणीत ऑपरेशननंतर तीस दिवसांत दगावण्याचं प्रमाण स्टेंटच्या गटात १.७ टक्के होतं आणि पोट उघडलेल्या गटात ४.७. हा सुरुवातीचा फायदा काही वर्षांत पुसला गेला आणि आठेक वर्षांनंतर स्टेंटवाले मागे पडले, कारण स्टेंट सरकतो, गळतो, पुन्हा दुरुस्ती लागते. साठीच्या ठणठणीत माणसासाठी हा मोठा मुद्दा आहे. कॅन्सर असलेल्या माणसाला पुढचे तीन महिने सांभाळायचे असतात, तेव्हा दहा वर्षांनंतरचा तोटा दुय्यम ठरतो.

पण स्टेंट प्रत्येकाला बसत नाही. किडनीच्या धमन्यांच्या खाली, फुगा सुरू होण्याआधी, पकड घ्यायला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर तरी सरळ, धड भाग लागतो. तो नसला तर किडनीच्या फांद्यांसाठी भोकं असलेला स्टेंट मापाने बनवून मागवावा लागतो आणि त्याला अनेक आठवडे जातात. कॅन्सर तेवढा थांबणार नसेल तर हा पर्याय कागदावरच राहतो. अशा वेळी ‘आधी कॅन्सर, मग बघू’ हे उत्तर आलं तर त्यात कुचराई नसते.

८. स्टेंटनंतर कॅन्सरच्या ऑपरेशनला सहा महिने थांबावं लागेल ना? काकांना हृदयात स्टेंट टाकला तेव्हा तसं सांगितलं होतं.

स्टेंट या एका शब्दाने फार गोंधळ केलाय. हृदयाच्या धमन्या तीन-चार मिलिमीटरच्या. तिथे औषध लावलेला स्टेंट टाकला की रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या काही महिने थांबवता येत नाहीत, म्हणून इतर ऑपरेशनं पुढे जातात. महाधमनीत वाहतं रक्त इतकं जोरात असतं की तिथला स्टेंट तसा गुठळीने बंद पडत नाही. ईव्हारनंतर बहुधा एकच गोळी, ॲस्पिरिन, आणि तीही गरजेप्रमाणे. साधारण दोन आठवड्यांत कॅन्सरचं ऑपरेशन करता येतं. काही ठिकाणी एक, काही ठिकाणी चार. पोट उघडून फुगा दुरुस्त केला असेल तर मात्र दीड-दोन महिने सहज जातात.

मधल्या काळात दोन गोष्टी. ईव्हारनंतर पहिले काही दिवस ताप येतो, पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) वाढतात. शरीराची ही त्या परक्या कापडावरची प्रतिक्रिया असू शकते, जंतुसंसर्ग असेलच असं नाही. नुसत्या या तापावरून कॅन्सरचं ऑपरेशन रद्द झालेलं पाहिलंय. डॉक्टरांना ‘स्टेंट अमुक तारखेला टाकला’ हे न विसरता सांगा. दुसरं, पुढच्या ऑपरेशनआधी सीटी किंवा डॉपलरने (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) गळती आहे का पाहून घेतात. वरच्या किंवा खालच्या टोकाशी गळत असेल तर आधी ती बंद करायची. छोट्या फांदीतून उलटं रक्त येत असेल तर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात, कॅन्सरचं ऑपरेशन त्यासाठी अडवत नाहीत.

९. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. दोन्ही डॉक्टर सारखं ‘आतड्याच्या रक्तपुरवठ्या’बद्दल बोलतायत. नेमकं काय?

या सगळ्या प्रकरणातली सर्वांत नाजूक जागा हीच, म्हणून जरा सविस्तर.

मोठ्या आतड्याला तीन बाजूंनी रक्त मिळतं. वरून येणारी आतड्याची वरची धमनी, महाधमनीतून खाली निघणारी छोटी ‘खालची धमनी’, आणि ओटीपोटातल्या धमन्या. तिघी आतड्याच्या कडेने एका बारीक धमनीने एकमेकींना जोडलेल्या असतात. खालची धमनी नेमकी फुग्यातूनच निघते. फुगा उघडून करा किंवा स्टेंट टाका, ती बहुधा बंद होते. बऱ्याच लोकांत ती आधीच बुजलेली असते आणि बाकीच्या दोघी काम चालवून नेतात.

आता यात कॅन्सरचं ऑपरेशन आलं. आतड्याचा तुकडा काढताना त्याच्या रक्तवाहिन्याही, लसिकाग्रंथींसकट, मुळाशी कापाव्या लागतात. डाव्या बाजूची गाठ असेल तर सर्जन खालची धमनी कापणारच, ती स्टेंटने आधीच बंद झालेली असली तर बिघडलं नाही. पण मग खालच्या टोकाला ओटीपोटातल्या धमन्यांवर जगायचंय, आणि फुगा तिकडेही पसरल्यामुळे त्याही स्टेंटने झाकल्या असतील तर जोड उपाशी राहतो. म्हणून व्हॅस्क्युलर सर्जन निदान एक तरी ओटीपोटाची धमनी वाचवायची धडपड करतात.

उजव्या बाजूची गाठ सोपी वाटते, आणि तिथेच फसगत होते. गाठ जरा मधोमध असली की वरच्या धमनीची मधली फांदीही कापली जाते. खालची धमनी फुग्याच्या दुरुस्तीत गेलेली, मधली फांदी आता गेली, आणि राहिलेलं डावं आतडं, ज्याला कोणी हातही लावला नव्हता, ते काळं पडू शकतं. म्हणून कॅन्सरच्या सर्जनला ‘फुगा दुरुस्त झालाय, खालची धमनी चालू आहे की बंद’ हे ऑपरेशनआधी माहीत असलंच पाहिजे. डिस्चार्ज कार्डावर ही ओळ नसेल तर मागून घ्या. ऑपरेशनच्या टेबलावर रंगद्रव्य टोचून आतड्यात रक्त पोचतंय का हे पाहता येतं. शंका राहिली तर जोड न देता काही महिन्यांसाठी पोटावर शौचपिशवी देतात. ती पाहून घरचे निराश होतात. अशा परिस्थितीत ती सावधगिरी असते.

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये एक सोय आहे. तिथे अनेकदा आधी पाचेक आठवडे शेक (रेडिएशन) आणि किमो, मग काही आठवडे थांबून ऑपरेशन, असा क्रम असतो. त्या मोकळ्या आठवड्यांत पांढऱ्या पेशी ठीक असताना फुग्याचा स्टेंट बसून जातो आणि कॅन्सरला एक दिवसही उशीर होत नाही.

१०. आतडं अडकून इमर्जन्सीत नेलं आणि तिथे कळलं की ७ सें.मी.चा फुगाही आहे. आता?

आतडं आधी मोकळं करायचं, शक्य तेवढ्या लहान ऑपरेशनने. कधी गाठीच्या वरच्या बाजूला शौचपिशवी, कधी गाठ काढून पिशवी. फुग्याला त्या दिवशी हात लावत नाहीत, कारण पोट दूषित आहे (प्रश्न ५). भूलतज्ज्ञ रक्तदाब उसळू देत नाहीत. ताप उतरला, जखम कोरडी झाली, की मापात बसत असेल तर स्टेंट, शक्यतो त्याच ॲडमिशनमध्ये.

११. आमच्या पेशंटचा कॅन्सर आतड्याचा नाही. वरचं सगळं तसंच लागू होतं का?

क्रमाचा विचार तोच, तपशील बदलतो. किडनीचं प्रश्न ५ मध्ये आलंच. तिथे एक भर अशी की किडनी काढल्यावर राहिलेल्या एकीला स्टेंटच्या वेळचा आणि पुढच्या सीटींचा शिरेतून टोचलेला रंग (कॉन्ट्रास्ट) सोसावा लागतो, म्हणून नंतरचं लक्ष डॉपलरवर ठेवणं बरं.

प्रोस्टेटचा कॅन्सर बहुधा संथ असतो. फुगा मोठा असेल तर तो निवांत आधी करून घ्या. घाईचं कारण क्वचित. मूत्राशय पूर्ण काढायचं असेल तर आतड्याचा तुकडा वापरतात, म्हणजे पुन्हा जंतूंचा प्रश्न आणि पुन्हा दोन टप्पे.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये श्वासाची ताकद सगळं ठरवते. अशा रुग्णाला पोट उघडून फुगा करणं झेपत नाही, म्हणून स्टेंट आधी, मग फुप्फुसाचा भाग. स्वादुपिंडाच्या मोठ्या ऑपरेशनात जोड गळला तर पाचक रस पोटात पसरतो, त्याच्या शेजारी नवं उघडं ग्राफ्ट कोणालाच नको असतं. शिवाय या ऑपरेशनात एक धमनी कापतात, आणि यकृताची मुख्य वाट आधीच अरुंद असेल तर यकृत या कापल्या जाणाऱ्या धमनीवरच जगत असतं. फुगा असलेल्यांच्या बाकीच्या धमन्याही खराब असतात, तेव्हा ते सीटीवर आधी पाहायला हवं.

१२. किमो चालू आहे. त्याने फुगा वाढतो का? कुठली औषधं टाळायची?

बहुतेक किमोने फुगा झपाट्याने वाढतो असं ठामपणे दिसलेलं नाही. लहान फुग्यासाठी किमो थांबवत नाहीत. दोन नावं मात्र लक्षात ठेवा. बेव्हॅसिझुमॅब आणि त्या जातीची, गाठीचा रक्तपुरवठा तोडणारी औषधं: त्यांच्या माहितीपत्रकात धमनी फुगण्याचा आणि चिरण्याचा इशारा आहे. कॅन्सरतज्ज्ञांना फुग्याचं माप सांगा, ते तोलून ठरवतील. दुसरं अगदी साधं, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन. लघवीच्या संसर्गाला आपल्याकडे मेडिकलवाल्याकडून थेट मिळणाऱ्या गोळ्या. महाधमनीचा फुगा असलेल्यांनी दुसरा पर्याय असताना त्या घेऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०१८ मध्ये दिला. प्रोस्टेट किंवा मूत्राशयाच्या रुग्णाला या गोळ्या वारंवार लिहिल्या जातात, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने ‘ॲन्युरिझम आहे’ असं लिहून ठेवा.

१३. स्टेंट असताना शेक, एमआरआय, पेटस्कॅन चालतो का?

चालतो. आजचे बहुतेक स्टेंट निटिनॉल या मिश्रधातूचे असतात आणि ठरलेल्या अटींवर एमआरआय करता येतो. स्टेंटसोबत मिळालेलं कार्ड जपून ठेवा. पेटस्कॅनवर स्टेंटच्या कडेने थोडी चमक दिसू शकते. तिला लगेच कॅन्सर किंवा जंतू समजू नये.

१४. कॅन्सर चौथ्या स्टेजचा आहे. फुग्याचं ऑपरेशन करून काही उपयोग?

शांत फुग्याचं ऑपरेशन हा पुढच्या वर्षांसाठीचा विमा आहे. ती वर्षंच मिळणार नसतील तर हप्ता कशाला भरायचा? पोट उघडण्यास फिट नसलेल्यांना स्टेंट देऊन पाहणाऱ्या ईव्हार-२ चाचणीत फुग्याने होणारे मृत्यू कमी झाले, पण एकूण आयुष्य वाढलं नाही. माणसं दुसऱ्या आजाराने गेली. दोन-तीन वर्षांची आशा नसेल तर सहसा करू नये, असं म्हणतात.

पण ‘चौथी स्टेज’ ऐकून दार बंद करू नका. प्रोस्टेटचा चौथ्या स्टेजचा रुग्ण गोळ्या-इंजेक्शनांवर वर्षानुवर्षं जगतो, स्वादुपिंडाचा नाही. कॅन्सरतज्ज्ञांना थेट विचारा: फुगा नसता तर हा माणूस किती वर्षं जगेल असं वाटतं? उत्तर मिळाल्याशिवाय व्हॅस्क्युलर सर्जनच्या हाती काही नसतं.

नको म्हणण्याचा हक्क रुग्णाचाच. आइनस्टाइनच्या फुग्यावर १९४८ मध्ये सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी सेलोफेन गुंडाळलं होतं. १९५५ मध्ये फुगा गळू लागला तेव्हा आइनस्टाइननी पुन्हा ऑपरेशन नाकारलं.

१५. बाबांना कॅन्सरचं सांगितलेलं नाही, फक्त ‘नस फुगलीये’ सांगितलंय. तुम्हीही तेच सांगाल ना?

ही विनंती जवळजवळ प्रत्येक घरातून येते, प्रेमाने येते. पण दोन ऑपरेशनांतला क्रम, शौचपिशवीची शक्यता, नको म्हणण्याचा पर्याय, हे सगळं ज्याच्या शरीरावर होणार त्याची सही लागते, आणि अर्धी गोष्ट सांगून घेतलेली सही खरी नसते. शिवाय अनुभव असा की बाबांना बहुधा कळलेलं असतं. तेही तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प असतात.

१६. पहिल्या ऑपरेशननंतर दुसऱ्याची वाट पाहतोय. घरी काय सांभाळायचं?

रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका, बिडी-सिगारेट आजच बंद, शौचाला कुंथावं लागणार नाही अशी सोय. चालणं, जिने चढणं चालू ठेवा. अंथरुणावर पडून राहिलं तर पायात गुठळ्या होतात आणि कॅन्सरमध्ये त्यांचा धोका मुळातच जास्त.

अचानक पोटात किंवा पाठीत, कमरेत सणसणीत कळ, घाम, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी: ॲसिडिटीची गोळी देऊन वाट पाहू नका. १०८ला फोन करा आणि ‘फुगा फुटल्याची शंका आहे’ हेच शब्द वापरा. सीटीची सोय आणि व्हॅस्क्युलर सर्जन असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आजच शोधून कागदावर लिहून ठेवा. फुटला तर काय करायचं, ऑपरेशन की नुसता आराम, हेही बाबांशी आधीच बोलून घ्या. त्या रात्री ठरवायला वेळ मिळत नाही.

१७. सीटीमध्ये ‘फुग्याभोवती मांसल थर’ लिहिलंय. कॅन्सर तिथपर्यंत पोचला का?

पोचला असेल किंवा नसेलही. फुग्याचा एक प्रकारच दाहाचा असतो, भिंतीभोवती जाड पांढरट थर धरतो. लिम्फोमाही (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) महाधमनीला असाच वेढा घालतो. आणि तिसरी शक्यता जंतूंची, जी चुकली तर महागात पडते.

दोन दुर्मीळ पण ठरलेल्या जोड्या सांगतो. फुग्याच्या भिंतीत वायू दिसला आणि रक्तात क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम हा जंतू सापडला, तर मोठ्या आतड्याचा लपलेला कॅन्सर शोधावाच लागतो. जंतू बहुधा त्या गाठीतूनच रक्तात शिरलेला असतो. दुसरी, मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजी (क्षयाची लस) आत सोडलेल्या रुग्णाला महिन्यांनी, कधी वर्षांनी, बारीक ताप आणि वेगाने वाढणारा फुगा. तिथे बीसीजीचेच जंतू धमनीच्या भिंतीत बसलेले असू शकतात आणि क्षयाची औषधं लागतात. अशा संसर्ग झालेल्या फुग्याला ५.५ची मर्यादा लागू होत नाही. तो लहान असतानाही फुटतो.

१८. खर्च कसा भागवायचा? दोन्ही एकाच हॉस्पिटलमध्ये होतं का?

स्टेंटचं सामान बहुतेक आयात केलेलं, त्याचीच किंमत काही लाखांत जाते. उघडं ऑपरेशन सामानाच्या दृष्टीने स्वस्त, आयसीयूच्या दृष्टीने नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण दोन आजारांची दोन पॅकेजं आणि दोन मंजुऱ्या लागतात. स्टेंट कोणत्या पॅकेजात बसतो हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ॲडमिशनच्या आधी विचारा, नंतर नाही.

फक्त कॅन्सरसाठीच्या हॉस्पिटलात व्हॅस्क्युलर विभाग असेलच असं नाही. मुंबईत परळला टाटा मेमोरिअल आणि केईएम शेजारी आहेत, तरी फाइल आपल्यालाच नेऊन पोचवावी लागते. सीटीची सीडी सोबत ठेवा. छापील फिल्मवरून स्टेंटचं माप काढता येत नाही.

१९. आता आम्हा भावंडांनी काय तपासायचं?

फुगा घराण्यात चालतो. रुग्णाच्या सख्ख्या भावांनी पन्नाशी-साठीनंतर पोटाची एक साधी सोनोग्राफी करावी, बहिणींनीही. मुलांनी त्या वयाला पोचल्यावर. ब्रिटनमध्ये प्रत्येक पुरुषाला पासष्टीत यासाठी बोलावतात, आपल्याकडे तशी योजना नाही. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘महाधमनीचा व्यास’ असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर यकृत आणि पित्ताशय पाहून घरी पाठवतात. कॅन्सरची तपासणी कॅन्सरच्या प्रकारावर अवलंबून. आईवडिलांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा झाला असेल तर कोलोनोस्कोपी कधीपासून, हे त्यांच्याच डॉक्टरांना पुढच्या खेपेला विचारून घ्या.